कलावतीबाईंच्या कड्या

म्हसवडकडच्या कोरड्या मुलखातून कलावती विरकर लग्न होऊन ठाण्यात आली तेव्हा तिला अठरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत. नवरा तानाजी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता, आणि राहायला वर्तकनगरात एक खोली. त्या कारखान्यात दाराच्या कड्या व्हायच्या. लोखंडी पट्टी मशीनखाली सरकवायची, पायाने दाबायचं, की कापलेला तुकडा खाली पडायचा. चौथ्या वर्षी एका सकाळी पट्टीबरोबर तानाजीच्या उजव्या हाताची दोन बोटंही गेली.

मालकाने त्याला काढलं नाही, गेटवर बसवलं. मग कलावतीने घरी पॅकिंगचं काम मागून घेतलं. एक कडी, सहा स्क्रू, एक पिशवी. पण पिशवीत टाकण्याआधी ती प्रत्येक कडी एकदा मागेपुढे सरकवून बघायची. अडकली की बाजूला. महिन्याभरात बाजूला काढलेल्या कड्यांनी पोतं भरलं. ते डोक्यावर घेऊन ती थेट मालकासमोर जाऊन उभी राहिली. मालक वैतागला, तुझं काम फक्त भरायचं आहे म्हणाला.

"शेठ, ही कडी माझ्या दाराला लावली तर मला रात्रभर झोप येणार नाही," कलावती म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिला माल तपासायला कारखान्यात बसवलं.

तिथे तिने सगळंच शिकून घेतलं. कोणता पत्रा वाकतो, कोणता तडकतो, मुलामा कुठे पातळ राहतो. दहाएक वर्षांनी मालक थकला, त्याने कारखाना आवरायला काढला आणि एक हातप्रेस कलावतीला स्वस्तात देऊन टाकला. आता हे धूड ठेवायचं कुठे? खोलीत तर ते दारातूनही शिरेना.

वर्तकनगरात भाजी घेऊन येणारी तुळसा आंबिवलीची. घरची भातशेती, नवरा रघु, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. कलावतीची अडचण ऐकून ती म्हणाली, "अगो, आमच्या म्हशी गेल्या. गोठा रिकामाच हाय. तुझा लोखंड बांध तिथं."

गोठ्यात कारखाना सुरू झाला. तानाजी उरलेल्या बोटांनी साचे असे काही बसवायचा की बघणाऱ्याला बोटं मोजायचं सुचायचं नाही. कलावती नमुन्यांची पिशवी घेऊन जांभळी नाक्यावरची दुकानं फिरायची. दुकानदार काही बोलायच्या आत कडी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, सरकवून बघा. तुळसाने भाजी सोडली आणि पहिली कामगार म्हणून ती मशीनवर बसली. पुढे तुळसाच्या शेजारणी आल्या, शेजारणींच्या सुना आल्या. बघता बघता गोठ्याच्या तीन शेड झाल्या, नव्वद माणसं झाली. मशीनवर हात वाचवणारी जाळी नसेल तर ते चालवायचं नाही, हा तानाजीचा नियम. मोठी ऑर्डर अडली तरी तो कधी मोडला नाही.

मुलगा प्रीतम इंजिनियर होऊन धंद्यात आला. दोन वर्षांपूर्वी त्याने सुचवलं, आता आपण समाजासाठी काहीतरी करायला हवं. कलावतीबाईंनी होकार दिला आणि ठाण्यातल्या एका शाळेला वीस कॉम्प्युटर दिले. उद्‌घाटनाला त्याच प्रमुख पाहुण्या. नारळी काठाची साडी नेसून गेल्या, दोनदा चहा झाला, भाषणं काही संपेनात. शेवटी त्या हळूच उठल्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या.

दाराला कडीच नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती.

बाहेर सातवीतली एक मुलगी उभी होती. समृद्धी तिचं नाव. ती अगदी सहज म्हणाली, "आजी, तुम्ही जा, मी दार धरते. फक्त आतून पाढे म्हणत राहा. आवाज आला की आत कोणीतरी आहे हे बाकीच्यांना कळतं."

नव्वद माणसांच्या मालकीणबाई आत गेल्या आणि सतराचा पाढा म्हणू लागल्या. सतरा सत्ते एकशे एकोणीसपर्यंत ठीक गेलं. सतरा आठेला गाडी अडली.

"एकशे छत्तीस, आजी," बाहेरून आवाज आला.

बाहेर येऊन त्यांनी समृद्धीला चार गोष्टी विचारल्या. बऱ्याच मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, काहीजणी मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत, असं कळलं. कलावतीबाईंनी दारावरच्या चार भोकांमधलं अंतर बोटांनी मोजलं. चाळीस वर्षं आपण कड्या विकतोय, आणि इथे पोरी पाढे म्हणतायत. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. प्रीतमला बाजूला घेऊन सांगितलं, आंबिवलीहून एक खोकं मागव, ड्रिल मशीनपण.

फीत कापायचं दोन तास थांबलं. मुख्याध्यापिका ओशाळल्या होत्या. बाईंनी त्यांनाच दार धरायला लावलं. पदर खोचून पहिली कडी स्वतः बसवली, मग समृद्धीला म्हणाल्या, "सरकवून बघ."

त्यानंतर दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, एक टेम्पो निघू लागला. आधी शाळेची परवानगी, मग मोजमाप, मग कड्या. माजिवडा, कल्याण, डोंबिवली, टिटवाळा. सगळंच सुरळीत झालं असं नाही. एका बालवाडीत एक छोटा आत अडकला आणि रडून रडून त्याने शाळा डोक्यावर घेतली. तानाजी आठवडाभर साच्याशी बसला आणि त्याने खास मुलांची कडी काढली: लहान हाताला धरता येईल असं मोठं बोंड, आणि बाहेरून नाणं घालून फिरवलं की कडी उघडेल अशी खाच. ही कडी बाजारात विकायची नाही असं बाईंनी ठरवलं. प्रीतमने त्यावर बरंच समजावून पाहिलं, मग नाद सोडला. हल्ली तोच शुक्रवारी ड्रिल धरतो.

आतापर्यंत एकशे दहा शाळा झाल्या. एका ठिकाणी त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी करायचं ठरत होतं. स्वच्छतागृहावर माझं नाव कशाला, म्हणून बाई इतक्या हसल्या की समोरच्यांनी विषयच सोडून दिला.

गेल्या महिन्यात लातूरकडच्या दोन शाळांचं पत्र आलं. टेम्पोने जायचं, तीन दिवसांचा मुक्काम. तुळसा घाट चढून कधी पलीकडे गेलेली नाही; यायला ती एका पायावर तयार. तिकडे मासळी मिळेल का, एवढंच तिने विचारलं. मिळायची नाही बहुतेक, कलावतीबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कड्यांच्या खोक्यांशेजारी सुक्या बोंबलांचा एक डबा येऊन बसला, आणि तेव्हापासून टेम्पोत पुढच्या सीटवर कोण बसणार यावर प्रीतम आणि तानाजी यांची बोलणी चालू आहेत.