मिटलेले दोन्ही डोळे

परवा चर्चमध्ये डोळे घट्ट मिटून बसलेल्या एक आजी दिसल्या आणि मला टांझानिया आठवला. मिशनरी व्हायला तिथं शिकत होतो, तेव्हा तिथल्या स्वाहिली भाषेतून प्रार्थना चालवायची माझ्यावर पाळी यायची. मी अडखळलो, की वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई एक डोळा उघडून बघायच्या. त्या डोळ्याला मी देवाहून जास्त भ्यायचो.

एकदा सकाळी त्यांच्या आजारी लेकीसाठी प्रार्थना करताना न राहवून मीच हळूच पाहिलं. त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते आणि गाल ओले.

नंतर म्हणाल्या, "तू बोलतोयस, हे आज विसरूनच गेले मी."

बोलणारा पुसला जाऊन मागणं तेवढं उरलं, की भाषा आपली झाली.

त्या सकाळी मी ताठ मानेनं नाश्त्याला गेलो आणि चहा दोनदा मागून घेतला. स्वाहिलीत.