निषिद्ध रेषेचा आकडा

सोमवार होता. आकडा शून्य यायला हवा होता आणि येत नव्हता. खोलीत मी आणि माझी संशोधक विद्यार्थिनी, दोघंच होतो.

ती सिल्लोडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तिथल्या कायम जागेची मुलाखत गुरुवारी होती आणि आमचा नुकताच स्वीकारला गेलेला शोधनिबंध हाच तिचा मोठा आधार होता.

विषय कार्बन डायऑक्साइडचा. मध्ये कार्बन, दोन्हीकडे सारख्या अंतरावर ऑक्सिजन. कार्बन डावीकडे सरकला काय किंवा उजवीकडे, प्रकाशाच्या दृष्टीनं फरक पडत नाही. म्हणून कार्बनच्या या कंपनाची रेषा रामन वर्णपटात, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशात, निषिद्ध. नेहमीच्या हिशेबात तिची तीव्रता शून्य. बारीक परिणाम धरले तर ती अगदी क्षीण उरते. किती, ते आम्ही काढलं होतं. मुलाखतीत दाखवायला म्हणून तिनं नेहमीचा आणि बारीक परिणामांचा असे दोन भाग पहिल्यांदाच वेगळे केले, तर आमचा बहुतेक सगळा आकडा नेहमीच्या भागातच निघाला.

"सर, हे शून्य पायजे ना?"

"परत चालव."

"तीनदा चालवलं. नाय जात."

मी अणूंच्या अंतरांची फाइल उघडली. एका बाजूला १.१६२१, दुसऱ्या बाजूला १.१६१२; शेवटचे दोन आकडे उलटे पडलेले. फाइल माझी. दोन वर्षांपूर्वी मीच हातानं टाइप करून तिला नमुना म्हणून दिली होती. कार्बन सरकवला की प्रोग्रॅम सममितीसाठी, दोन्ही बाजू सारख्याच हव्यात म्हणून, अडून बसायचा, म्हणून ती तपासणी बंदही मीच करायला लावली होती. आमचा रेणू पहिल्या दिवसापासून एका अंगाला आखूड होता.

"असल्या चुकीला पोरांचे अर्धे मार्क कापता तुम्ही," ती म्हणाली. हसली नाही.

छावणी भागातल्या घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, निबंध मागे घ्यायचं पत्र शुक्रवारी पाठवा की. चार दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?"

मला ते पटलं, हे लिहायला हवं. मंगळवारी मी विद्यार्थिनीला तसंच सुचवलं.

"आन् त्यांनी आकडा इचारला तर काय सांगू?"

मी कोरी मेल उघडली.

"पत्र आजच पाठवा, सर."

निबंध मागे घेण्याचं पत्र मी तिच्यासमोर पाठवलं. तिनं स्वतःच्या शोधनिबंधांच्या यादीतून तो खोडला आणि गुरुवारी मुलाखतीला गेली. सात मिनिटांत बाहेर आली.

अंतरं दुरुस्त करून सगळं पुन्हा चालवलं. नेहमीचा भाग शून्य झाला. उरलेला भाग दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीतून येतो, आणि तो आमच्या गणनेतल्या अटळ त्रुटीपेक्षाही लहान निघाला. रेषा आहे की नाही, हेच सांगता येईना. तिच्या प्रबंधात तसंच लिहिलं.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. आता तिच्या नावाआधी डॉक्टर लागतं, आणि ती त्याच कॉलेजात अजून तासिका तत्त्वावरच शिकवते.