अप्पांचा सोगा

अप्पांचा डावा हात मोकळा असलेला मी सगळ्या ओळखीत एकदाच पाहिला. एरवी त्या हातात धोतराचा सोगा असे. धोतर पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं, आणि सोगा दोन बोटांत असा उचललेला की माणूस आता चिखलातून जाणार आहे असं वाटावं. प्रत्यक्षात अप्पा चिखलात कधी उतरले नाहीत. नमस्कार ते एका हाताने करत, हार एका हाताने घेत आणि एका हातानेच शेजारच्याला देऊन टाकत. दुःखाच्या घरी गेले तरी पाठीवरून फिरायचा तो उजवा हात. डावा आपला सोग्याशी इमान राखून असायचा.

अप्पा दिल्लीला खासदार होते, पण वरच्या सभागृहात. म्हणजे आम्ही कोणी त्यांना मत दिलेलं नव्हतं, आमदारांनी दिलं होतं. तरीही दर अधिवेशन संपलं की अप्पा पांढऱ्या अँबॅसिडरमधून सातारा-सांगलीच्या गावोगाव फिरत आणि आपण दिल्लीत कोणत्या प्रश्नावर काय मत दिलं, कशासाठी दिलं, याचा खुलासा करत. ज्यांना आम्ही निवडून दिलं होतं ते पाच वर्षं तोंड दाखवत नव्हते आणि ज्यांना कोणी विचारलं नव्हतं ते सांगत सुटले होते. त्याचं कारण सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. अप्पांना एकदा तरी पुढच्या दाराने, लोकांच्या मतांवर निवडून जायचं होतं.

खुलाशाचे विषय दोनच, परराष्ट्र धोरण आणि देशाचं संरक्षण. रस्ते, पाणी, वीज यांना ते हात लावत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मास्तर, रस्त्याचं बोललं की लोक रस्ता बघाय जात्यात. चीनचं बोललं तर कोन बघाय जातंय?"

हे मला सांगायचं कारण म्हणजे ते खुलासे मी लिहीत होतो. रहिमतपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि माझं अक्षर व भाषा दोन्ही वळणदार होती. अप्पा गाडीत बसून मुद्दे सांगायचे, मी त्यांना 'सार्वभौमत्व', 'दूरगामी परिणाम', 'सदसद्विवेकबुद्धी' असे शब्द जोडून द्यायचो. मोबदला म्हणून दिवाळीला संसदेचं चित्र असलेलं एक कॅलेंडर मिळे. ते मी पुढच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल असं लावायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

खुलासा बरोबर चाळीस मिनिटांचा असे, आणि तो गाव बघून बदलत असे. एकदा परदेशांशी व्यापाराच्या करारावर सभागृहात मतदान झालं होतं. तासगावात बेदाण्याचे व्यापारी समोर बसलेले, तर अप्पा म्हणाले की करार झालाच पाहिजे, आपला बेदाणा जगाच्या ताटात गेला पाहिजे. त्याच्या आदल्या दिवशी रहिमतपुरात त्याच करारावर त्यांनी असा आसूड ओढला होता की दोघा म्हाताऱ्यांनी 'परकीय हटाव'च्या घोषणा दिल्या होत्या. तासगावच्या एका जैन व्यापाऱ्याच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "अप्पा, काल तिकडं तुमी उलटं बोललासा म्हनं?"

"व्हय," अप्पा तितक्याच शांतपणे म्हणाले, "तिकडं कुठं द्राक्षं हाईत?"

व्यापारी हसले, सभा हसली, आणि मूळ प्रश्न हशात वाहून गेला. हे अप्पांचं कसब होतं. मिरजेत मात्र एकदा त्यांना शेरास सव्वाशेर भेटला. तिथे तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत अप्पांनी सांगितलं की परराष्ट्र धोरण म्हणजे तंबोरा, एकही तार फार ताणायची नाही, एकही ढिली सोडायची नाही, सगळ्या जगाशी सूर लावून ठेवायचा. सगळं ऐकून घेऊन एक म्हातारे कारागीर भोपळ्यावरचा हात न काढता म्हणाले, "सायेब, तंबोरा लावल्यावर मानूस गातो. तुमी नुसतं लावतच बसलाय." त्या दिवशी खुलासा पंचवीस मिनिटांत आटोपला.

आमच्या शाळेत त्यांनी पोरांना मतदानाचं यंत्र समजावून सांगितलं होतं, ते मला नीट आठवतं. घंटा वाजते, दारं बंद होतात, मग प्रत्येकाने आपल्या जागेवरचं बटण दाबायचं. बाजूने असेल तर हिरवं, विरोधात असेल तर तांबडं, आणि तटस्थ राहायचं असेल तर पिवळं. हे सांगताना त्यांनी उजव्या हाताची तर्जनी हवेत अशी रोवली की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकली. "ह्या एका बोटावर देश चालतो," ते म्हणाले. मी फळ्यावर ते वाक्य लिहून ठेवलं. वर्गात ते आठवडाभर होतं.

पुढे बुटांचा प्रश्न आला. आमच्याकडे घराआड फौजी, आणि बर्फातल्या ठाण्यावर जवानांना दिलेले बूट निकृष्ट होते अशी ओरड झालेली. त्या खरेदीची चौकशी व्हावी असा ठराव अप्पांच्या सभागृहात मताला आला आणि पडला. रहिमतपूरजवळच्या एका गावात आमचे निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांचा मुलगा विलास त्याच बर्फातून उजव्या पायाची तीन बोटं घालवून परत आला होता. फौजेने त्याला घरी पाठवला होता. वय चोवीस.

अप्पांचा खुलासा त्या गावातही झाला. देवळासमोर सगळं गाव जमलं. मी त्या खुलाशावर खूप मेहनत घेतली होती; बर्फ, रक्त, मातेचे अश्रू, सगळं होतं. अप्पा सुरेख बोलले. संपल्यावर सुभेदार उठून उभे राहिले, टाचा जुळवून.

"अप्पा, एकच सांगा. तुमी बटन कुठलं दाबलं?"

"हिरवं," अप्पा तर्जनी रोवून म्हणाले. "बिरोबाची आन घेऊन सांगतो सुभेदार, हिरवं दाबलं."

देवाच्या दारातली शपथ. सुभेदारांनी मान हलवली आणि बसले. बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण सुभेदार पडले फौजी. रिपोर्ट कागदावर आल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. दिल्लीत असलेल्या एका भाच्याकडून त्यांनी सभागृहाच्या कामकाजाची छापील प्रत मागवली आणि ती इंग्रजीत असल्यामुळे वाचून घ्यायला माझ्याकडेच आणली. मी ठरावाच्या बाजूची नावं वाचली. विरोधातली वाचली. तटस्थांची चार-पाच होती, तीही वाचली. अप्पांचं नाव तिन्हींत नव्हतं. सुभेदारांनी मला तिन्ही याद्या पुन्हा वाचायला लावल्या. मग त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि म्हणाले, "मास्तर, अप्पांना म्हनावं, घरी येऊन सांगा. गावासमोर नको. पोरगं इचारतंय."

मला रात्रभर झोप नाही. अप्पा नाटकी होते, गाव बघून बोलायचे, हे सगळं मान्य. पण देवाच्या दारात खोटी शपथ? काही तरी घोटाळा असणार. मी अप्पांचे सगळे कागद काढून बसलो, तेव्हा सदस्यांसाठीची एक पातळ पुस्तिका हाताला लागली. तिच्यात मतदानाची रीत दिली होती, आणि ती वाचून मी अक्षरशः उडालोच. नुसतं बटण दाबून मत पडत नाही. एका हाताने वेगळी कळ दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने रंगाचं बटण दाबायचं. दोन्ही हात लागतात!

आणि अप्पांचा डावा हात तर सोग्यात! मला हसू आलं आणि भरूनही आलं. एवढी वर्षं हा माणूस मन लावून बटण दाबतोय आणि एकही मत पडत नाहीये! मी सकाळच्या पहिल्या एसटीने त्यांच्या घरी गेलो आणि पुस्तिका पुढे करून म्हणालो, "अप्पा, सापडलं! तुमची चूकच नाही. हा सगळा सोग्याचा घोळ आहे."

अप्पांनी पुस्तिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं, नापास होत आलेल्या पोराकडे मी बघतो तसं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमाला काय वाटतंय, मला ठावं न्हाई? हात इसरला तर चिठ्ठी देऊन मत दुरुस्त करायची सोय हाय. त्या पुस्तकात म्होरल्या पानावर लिवलंय. मी आजवर एक चिठ्ठी दिली न्हाई."

मी पुढे केलेली पुस्तिका मागे घेतली. ते समजुतीने सांगू लागले. "हिरवं दाबलं ह्ये खरं हाय. शपथ खोटी न्हाई. गावाला सांगायचं, हिरवं दाबलं. पक्षाला तांबडं पायजे हुतं, त्यास्नी सांगायचं, माझं नाव हिरव्यात कुठं हाय दाखवा. दोघंबी खूश. मत पडलं की कुनाचं तरी मन मोडतंय, मास्तर. आनि बगा, ठराव कितीनं पडला? माझ्या एकट्याच्या मतानं काय झालं असतं?"

एवढं बोलून त्यांनी सोगा सारखा केला. मग त्यांचे डोळे एकदम चमकले. "पर तुमी म्हनताय त्ये लय ब्येस हाय. सोग्याचा घोळ. ह्येच सांगू सुभेदाराला."

तेव्हा मी उठून जायला हवं होतं. मी उठलो, पण त्यांच्याबरोबर गाडीत बसायला.

सुभेदारांच्या सोप्यात घोंगडी अंथरली होती. विलास भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसला होता. अप्पा आत आले आणि उंबऱ्याच्या आत त्यांनी सोगा सोडला. मी म्हटलं ना, एकदाच पाहिला, तो हाच प्रसंग. इस्त्रीचं धोतर शेणाने सारवलेल्या जमिनीवर लोळलं आणि अप्पांनी दोन्ही हात जोडले.

"सुभेदार, मी गुन्हेगार हाय. दोन हात लावायचं असत्यात, मला अडान्याला ठावंच न्हवतं. ह्या सोग्यानं घात केला." अभिनय म्हणावा तर डोळ्यांत पाणी होतं.

सुभेदारांनी विलासच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठराव पडायचाच हुता, ह्ये मला कळतंय. पर पहाऱ्यावर मानूस एकलाच असतोय अप्पा. माझ्या एकट्यानं काय हुतंय, असं त्यानं म्हनून भागत न्हाई." त्यांनी अप्पांचे जोडलेले हात धरून खाली केले. "तुमी चूक कबूल केलीसा. बास. आमच्यात चूक कबूल केली की मानसाला परत उभा करत्यात."

"मग आता परत मत घेत्यात का?" विलासने विचारलं.

"न्हाई बाळा," अप्पा म्हणाले.

"म्हंजी माझ्या जागी गेलेल्या पोराला त्येच बूट."

सुभेदारीणबाईंनी चहा आणला. सुभेदारांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मास्तर, तुमी त्ये पुस्तक वाचलंसा न्हवं? खरंच दोन हात लागत्यात?"

"लागतात," मी म्हणालो. ते खरंच होतं. अप्पांच्या शपथेइतकं खरं. चहा मला नको होता, पण कप मी रिकामा केला.

पुढे अप्पांना लोकसभेचं तिकीट मिळालं. सुभेदार त्यांच्यासाठी गावोगाव सायकलवर फिरले. 'चूक कबूल करनारा मानूस' एवढंच ते सांगत, आणि फौजींच्या गावांत तेवढं पुरलं. अप्पा पुढच्या दाराने दिल्लीला गेले. ती लोकसभा लवकरच बरखास्त झाली आणि पुढच्या निवडणुकीआधी अप्पाही गेले, झोपेत. मला वाईट वाटलं. माणूस लबाड होता, पण माझ्या भाषेवर जीव टाकायचा, माझं वाक्य ऐकून "वा मास्तर!" म्हणणारा दुसरा कोणी मला भेटला नाही. हा त्यांचा मोठेपणा की माझा हलकेपणा, ते मी अजून ठरवतोय.

शोकसभा रहिमतपुरात झाली. फोटोतही सोगा डाव्या हातात होता. सुभेदार बोलायला उठले आणि दोनच वाक्यं बोलले. "पुढारी लय बघितलं. पन पोराम्होरं हात जोडून चुकलो म्हननारा ह्यो एकच." पहिल्या रांगेत विलास काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, कारण यानंतर माझं नाव पुकारलं होतं.

मी उभा राहिलो. त्या पोराला खरं सांगायची ही शेवटची संधी आहे, हे मला स्पष्ट कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी सार्वभौमत्वापासून सुरुवात केली, दूरगामी परिणामांवर आलो, सदसद्विवेकबुद्धीवर बराच वेळ थांबलो. बोलताना एका हाताने मी माईकचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हाताची तर्जनी हवेत रोवलेली होती. खाली बसून घड्याळ पाहिलं तर चाळीस मिनिटं झाली होती.

सभा संपल्यावर गर्दीतून सुभेदार माझ्याकडे आले. त्यांचे डोळे ओले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "डोळं मिटून ऐकत हुतो. वाटलं, अप्पाच बोलत्यात."