ओल्या फडक्यांचे तेरा दिवस

फोन आला तेव्हा माझ्या एका हातात मग होता आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं. रविवार, संध्याकाळचे पाच. इंदूची मुलगी सविता होटगीहून बोलत होती. "ताई, आई गेली," एवढंच म्हणाली. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, दुपारी झोपेतच झटका आला, पुण्याहून मुलगा यायचाय, उद्या सकाळी नेणार. मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" म्हणाले... आज दूध उरलं नाही असं दुकानदारानं सांगितल्यावर म्हणतो तसं. फोन ठेवला आणि कच्च्या मडक्यांवरची उरलेली फडकी ओली केली. सव्वीस मुलांची सव्वीस मडकी आणि कोपऱ्यात इंदूचं स्वतःचं मोठं मडकं. एकही फडकं सुकं सोडलं नाही. मग हात धुतले आणि पायरीवर जाऊन बसले. आता रडू येईल म्हणून वाट बघत बसले. आलं नाही. आज सहा आठवडे होत आले, अजून आलेलं नाही. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

इंदू कोण, हे आधी सांगायला हवं, कारण तिचं नाव कुठल्या पेपरात कधी आलं नाही. शुक्रवार पेठेत आमच्या घराखाली एक लांब खोली आहे. तिथे सासऱ्यांचे चार यंत्रमाग होते. माग विकले गेले, खोली उरली. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठेतली पोरं दिवसभर मोबाइलमध्ये नाक खुपसून बसलेली बघवेनात, म्हणून त्या खोलीत तीन आठवड्यांचं शिबिर सुरू केलं. त्याच वर्षी रस्त्यावर माठ घ्यायला थांबले आणि प्रत्येक माठ बोटानं वाजवून बघायला लागले. विकणारी बाई शांतपणे म्हणाली, "वाजवा की. मडकं आन् जावई, दोनी वाजवूनच घ्यावं." मी म्हटलं, मला मुलगीच नाही, जावई कुठून वाजवू? "मग मडकं तरी नीट घ्या," ती म्हणाली आणि माझ्या हातातला माठ काढून दुसरा दिला. तो माठ आठ उन्हाळे टिकला. एक दिवस येऊन मुलांना चाक दाखवशील का, असं मी तिला तिथेच विचारलं. एका दिवसासाठी आलेली ही बाई सतरा उन्हाळे आली.

आमचं पटायचं नाही. मी मुळात चिडकी, आणि ती कशानेच न चिडणारी, म्हणजे माझ्यासारखीला आणखी चीड आणणारी. मुलांकडून मी मिश्र माध्यमातली चित्रं करून घ्यायची. चादरींच्या कारखान्यातल्या चिंध्या, टॉवेलच्या दशा, जुन्या लग्नपत्रिका, बाटल्यांची बुचं, सगळं पुठ्ठ्यावर चिकटवायचं. पालकांना कौतुक वाटावं म्हणून मी त्याला मिक्स मीडिया म्हणायची. इंदूनं पहिल्या वर्षी सगळी चित्रं एक एक करून बघितली. मी वाट बघत उभी. "ताई, ह्याला आमी भंगार म्हणतो," ती म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "ती टावेलाच्या दशाची कोंबडी कुणी केलीय? लई भारी हाय." पुढे दर वर्षी तीच होटगीहून पिशवी भरून चिंध्या आणायला लागली.

पण शिबिरात खरी गोष्ट घडायची ती पहिल्या दिवशी. प्रत्येक मूल आपलं पहिलं मडकं करायचं. वेडंवाकडं, एका अंगाला झुकलेलं, पण पोरांच्या डोळ्यांत काय तो आनंद! आणि मग इंदू टब पुढे सरकवायची. "टाका आता परत." पोरं तोंड वासून बघत राहायची. कुणी रडायचं, कुणी मडकं पोटाशी धरून कोपऱ्यात पळायचं. इंदू हलायची नाही. "पयलं मडकं मातीचं," म्हणायची. "मातीनं तुमाला हात लावू दिला न्हवं? मग पयलं तिचं तिला. दुसरं तुमचं." एकदा एका मुलाची आई तावातावाने आली, पहिल्याच दिवशी आमच्या मुलाला रडवलंत म्हणाली, फोटो काढायचा राहिला म्हणाली. मीही इंदूला म्हटलं, अगं, एक दिवस तरी ठेव ती मडकी, लोक काय म्हणतील! तिनं ऐकलं नाही. टबातला तो चिखलही ती कधी पूर्ण संपू द्यायची नाही. एक गोळा राखून ठेवायची आणि पुढच्या उन्हाळ्याच्या नव्या मातीत मिसळायची, दुधाला विरजण लावावं तसा. म्हणजे सतरा वर्षांतली सगळी पहिली मडकी थोडी थोडी त्या टबात होती. हे तेव्हा माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसरी तिची सवय पाण्याची. मुलांना मातीत पाणी घालायला काय आवडतं म्हणून सांगू! सोलापूरचा मे महिना, खोलीत दोन पंखे गरम हवा फिरवतायत, त्यात पोरं मगावर मग ओतायची. इंदू पाठमोरी असली तरी तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. "साकू, साकू!" ओरडायची. पुरे, बास. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी. हळूहळू पेठेतली सगळी मुलं साकू म्हणायला लागली, वाढणाऱ्या आईलासुद्धा.

या वर्षी शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, ती चाकावरून उठली आणि भिंतीला टेकून बसली. छातीत जळजळतंय म्हणाली. मी तिला लिंबू-सोडा करून दिला. सकाळी उपाशीपोटी चहा ढोसतेस, दुसरं काय होणार, असं म्हणून वर बोलूनही घेतलं. ती हसली. मडकी उभी राहिली होती, पण त्यांचे काठ करायचे होते. काठ झाल्याशिवाय ती सुकवत नाहीत. निघताना दारात थांबून म्हणाली, "ताई, फडकी वली ठेवा. काठ ऱ्हायल्यात. सोमवारी येते मी." आणि होटगीच्या गाडीला गेली. आमच्या घरापासून दवाखाना चार घरांवर आहे. चार घरं. मी तिला तिथे नेलं नाही. हे मी इथे लिहून ठेवतेय, कारण मला कुणी विचारत नाही आणि विचारलं नाही म्हणून ते नाहीसं होत नाही.

सोमवारी सकाळी मी होटगीला जाऊन आले. दुपारी घरी आले, आंघोळ केली आणि खाली जाऊन फडकी ओली केली. मुलांचं शिबिर बंद केलं, पालकांना निरोप दिले. मडकी तशीच राहिली आणि मी रोज सकाळी आणि संध्याकाळी पाचला त्यांच्यावर पाणी मारत राहिले. का, ते विचारू नका. तिनं सांगितलं होतं. फडकी ओली होती तोवर काम अर्धवट होतं, आणि अर्धवट काम टाकून इंदू कधी गेली नव्हती. मी हे असं मनात जुळवून बिळवून ठेवलं होतं, असंही नाही. मनात काहीच नव्हतं. नळाखाली मग धरायचा, भरायचा, ओतायचा. नवऱ्यानं एकदा दारातून सांगितलं, "अगं, आता वाळू दे ना ती." मी मग परत नळाखाली धरला. तो परत वर गेला.

आमच्या गल्लीत राहणारी भार्गवी मात्र रोज यायची. नऊ वर्षांची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि जिभेला हाड नाही. तिनं या वर्षी आजीसाठी दह्याचं मडकं केलं होतं. नवव्या की दहाव्या दिवशी तिनं फडक्याचं टोक उचललं आणि म्हणाली, "बाई, माझं मडकं खाली बसलं." मी खेकसले, हात लावू नको म्हणून. तिनं टोक सोडलं. मग हळूच म्हणाली, "पण बाई, मावशी इतकं पाणी घालू देत नव्हती." मी तिला घरी जायला सांगितलं. एवढ्याशा पोरीला घालवून दिलं... आणि परत पाणी मारलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सविता आली. आईची हत्यारं न्यायला आली होती. मी पाचचं पाणी मारत होते. तिनं पिशवी खाली ठेवली, पहिलं फडकं उचललं, दुसरं उचललं, तिसरं. मडकी राहिलीच नव्हती. काही पोटातून फाटली होती, काही मांडी घालून बसल्यासारखी पसरली होती. मी म्हटलं, "तुझ्या आईनं सांगितलं होतं, ओली ठेवा म्हणून." सविता माझ्याकडे बघत राहिली. "ती येईस्तोवर म्हणाली हुती न्हवं, ताई?" तिनं माझ्या हातातला मग काढून घेतला. "साकू," म्हणाली. अगदी इंदूच्या आवाजात. मुद्दाम नव्हे, मुलींचे आवाज तसेच असतात. "साकू आता, ताई."

दुसऱ्या दिवशी मुलांना बोलावलं. काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. तुमची मडकी मी बिघडवली, असं सरळ सांगितलं. सव्वीस तोंडं माझ्याकडे बघतायत. एकाची आई मागे उभी होती, तिनं सुस्कारा सोडला. मग भार्गवी पुढे आली. आपलं पसरलेलं दह्याचं मडकं तिनं दोन्ही हातांनी उचललं, टबाजवळ नेलं आणि आत टाकलं. "पयलं मडकं मातीचं," इंदूसारखंच म्हणाली. तिचं पाहून दुसरी आली, मग सगळीच. कुणी रडलं नाही. पहिल्या दिवशी रडणारी तीच मुलं, यावेळी रडली नाहीत. सविता चाकावर बसली. पुढचे आठ दिवस तिनं शिकवलं, काठ करून घेतले, वेळेवर फडकी काढून मडकी वाळू दिली आणि होटगीला त्यांच्या भट्टीत भाजून आणली. भार्गवीच्या आजीनं त्यात दही लावलं. वाटीभर मला पाठवलं. चांगलं लागलं होतं.

राहता राहिलं इंदूचं मोठं मडकं. जाड होतं म्हणून ते अजून उभं होतं, आणि मला ते टबात टाकवेना. सविता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पण पाणी न्हाय मारायचं हां." नाही मारलं. पाच वाजले की हात उठायचा, मी तो मांडीखाली दाबून बसायची. दहा-बारा दिवसांनी मीच गेले. फडकं उचलायला हात लावला तर ते कडक झालेलं, टोपी काढावी तसं अख्खं वर आलं. इतके दिवस चिखलाचं पाणी प्यालेलं आणि उन्हाळ्यानं वाळवलेलं. खालचं मडकं तीन ठिकाणी तडकलं होतं. मी ते एकटीनं उचललं आणि टबातल्या पाण्यात सोडलं. वाळलेली माती पाण्यात गेली की बुडबुडे येतात. बराच वेळ येत होते. ते थांबेपर्यंत मी तिथेच बसले. मग त्यातला एक गोळा काढून पुढच्या वर्षासाठी डब्यात झाकून ठेवला.

फडकं मात्र मडक्याच्याच आकारात राहिलं आहे. पोट, खांदा, आणि वर काठ करायचा राहिला होता तिथली वाकडी कड. कपाटावर उभं करून ठेवलंय. परवा भार्गवी आली, टाचा उंचावून बघायला लागली. "बाई, ह्याच्यात काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. "मग झाकलंय कशाला?" त्याला पाणी लागू द्यायचं नाही, एवढं तिला बजावून सांगितलं. घरात सगळ्यांनाच सांगितलंय. एक थेंबसुद्धा नाही.