भुशावरची वीज

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर लोकांसमोर लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे, हे कळतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ही गोष्ट मला घरी बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

आंधळगावकडच्या एका राईस मिलमध्ये बाबा बॉयलरवर आहेत. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान आधी वाफेवर उकडावं लागतं आणि ती वाफ धानाच्याच टरफलांवर, म्हणजे भुशावर तयार होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मला प्रकल्प करायचा होता. दुसरं काही सुचेना, म्हणून हाच भुसा घेतला. वाफ जास्त दाबाची केली, तर तिच्यावर आधी टर्बाइन फिरवून वीज काढता येईल, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर धान उकडता येईल. सर म्हणाले, बरं आहे. तिथंच ते संपायला हवं होतं.

पण एका दुपारी मी बाबांचा डबा घेऊन मिलमध्ये गेलो आणि लाइट गेली. बॉयलरचा पंखा थांबला, विस्तव मंदावला, मिलचे मालक शेठ चिडले. मी सहज त्यांना माझा प्रकल्प सांगितला.

"म्हणजे लाइट गेली तरी मिल चालन?"

"चालेल बहुतेक. पण हिशेब बघावा लागेल."

हिशेबाचं कोणी ऐकलं नाही.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. मंडईला घरोघर पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. त्या पंगतीत बोललेला शब्द दहा गावांत जातो. बाबांनी त्याच पंगतीत सांगून टाकलं, "आमचा पोरगा आता मिलमध्ये वीज बनवनार हाय. शेठ त्याच्याच भरोशावर मशीन आनून राहिले."

"काय गा भाचे," मामा म्हणाले, "आमच्या गावालेही एक वायर सोडजो. पन बिल नोको पाठवू!"

मावशीला तेवढ्यात मुलगी आठवली. "पोरगी हाय माह्या पाहन्यात. तुह्याच लाइटीत दाखवतो तुले."

सगळे हसले. मीही हसलो. मला पुढे नागपूरला शिकायचं होतं, हे त्या हसण्यात कसं सांगणार? पाहुणे गेल्यावर बाबांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मशीन नाही आलं तं जाय नागपूरले," ते म्हणाले. "आलं तं कसा जाशीन, बाबू? चारचौघात बोललो ना मी."

मायनं माझ्याकडे पाहिलं आणि उष्टी ताटं उचलली.

तेव्हापासून मी माझाच प्रकल्प फसावा म्हणून वाट पाहू लागलो. मशीन विकणाऱ्यांचा इंजिनिअर पाहणीला आला, तेव्हा शेठनी मलाच त्याच्यासोबत फिरवलं. मी खोटं बोललो नाही. फक्त एकेक अडचण पुढे केली. पावसाळ्यात भुसा भिजतो, म्हणालो. "मग शेड बांधा," तो म्हणाला. शेड उभी राहिली. धानाचा हंगाम सरला की भुसा कमी पडतो, म्हणालो. शेठ म्हणाले, "सिहोऱ्याकडच्या मिलवाल्यांशी बोललो मी." बॉयलर जुना आहे, एवढा दाब त्याला झेपायचा नाही, म्हणालो. शेठ नव्या बॉयलरचं बोलू लागले. वर माझी पाठ थोपटून म्हणाले, "पाहा, किती बारीक विचार करते पोरगा! यालेच ठेवाचा मशीनवर."

बाबा त्या वेळी भट्टीत भुसा टाकत होते. त्यांच्या भुवया राखेनं काळ्या झाल्या होत्या आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. घरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कोणी बोलत नव्हतं. मशीनचीही काही खबर नव्हती. मला वाटू लागलं, बेत बारगळला असेल.

काल मी मोहाडीच्या बाजारात होतो. बाबांचा फोन आला. गर्दीत नीट ऐकू येईना, म्हणून ते ओरडून बोलत होते.

"बाबू, मशीनची गाडी निघाली म्हनते! उद्या उतरते. पूजा तुह्याच हातानं कराची म्हनून राहिले शेठ. येताना हार घेऊन येजो."