तात्पुरता कोच

आमच्या क्लबात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, नाशिकचा साधा फिजिओ आहे. पण औषधांची पिशवी घेऊन मैदानात धावणाऱ्याला इथे कतारमध्ये, दोह्यात, दुसरं नावच नाही. बार्तेकही तेच म्हणायचा, आणि तो आमचा कोच असल्यामुळे मी ऐकून घ्यायचो.

कोच म्हणजे तात्पुरता. वय एकतीस, चेहरा बारावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. पोलंडमधल्या एका लहान गावात तो दिवसा फरशीच्या दुकानात काम करायचा आणि संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायचा. खेळाडू म्हणून आपण सुमार होतो, हे तोच हसत सांगे. पुढे एका मोठ्या क्लबात सामन्यांचे व्हिडिओ बघून चुका शोधायचं काम मिळालं, मग इथे सहायक. जानेवारीत मुख्य कोचला नारळ मिळाला आणि 'दुसरा मिळेपर्यंत तू बघ' म्हणून संघ याच्या गळ्यात पडला.

दुसरा काही मिळेना, आणि आम्ही मधूनमधून जिंकू लागलो. मॅनेजरने शब्द दिला: खालच्या गटात घसरलो नाही, तर दोन वर्षांचा करार. बार्तेकची बायको अगाता आणि तान्ही मुलगी तिकडेच होत्या. कराराशिवाय तो त्यांना आणणार कसा? दोह्याच्या अल मुंतझा भागात तो आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचा. माझी बायको नमिता त्याला बोलावून वरणभात वाढायची, आणि तो चिवडत बसायचा.

"अहो, याच्या पोटात अन्न जातच नाही, नुसती काळजी जाते," ती म्हणायची.

मला त्याचा रागच यायचा, कारण त्याच्याकडे बघून माझ्याही घशाखाली घास उतरत नसे. कोच गेला की त्याची माणसंही जातात, आणि क्लबात मी त्याचा माणूस समजला जात होतो.

शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. दहाएक मिनिटं उरलेली, गोल कुणाचाच नाही, आमचे बदली खेळाडू सगळे वापरून झालेले. तेवढ्यात आमचा बचावपटू जासिम गुडघा धरून कोसळला. मी धावलो. गुडघा हाताखाली सैल लागला.

"डॉक्टर, स्प्रे! यल्ला, लवकर!" जासिम उठायलाच बघत होता.

बार्तेक रेषेपाशी आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"खेळू शकेल?"

"नाही. लिगामेंट गेलं असावं. आत्ता खेळला तर गुडघा कायमचा जाईल."

"खात्री आहे?"

"स्कॅनशिवाय खात्री कोण देणार? पण मी याला खेळू देणार नाही."

त्याने ओरडावं, मला बाजूला सारावं, असं अगदी मनापासून वाटलं. म्हणजे पुढचं माझ्या डोक्यावर राहिलं नसतं. पण त्याने जासिमला दंडाला धरून बाहेर आणलं आणि उरलेल्या दहा जणांना मागे सरकायची खूण केली. अगदी शेवटी आमच्यावर गोल झाला, तोही जासिमच्या मोकळ्या जागेतून, आणि आम्ही खालच्या गटात घसरलो.

सकाळी मॅनेजरने दोन शब्दांत आटोपलं. "शुक्रन, कोच. खलास." म्हणजे आभार, आणि विषय संपला.

दुपारी स्कॅन आला. लिगामेंट शाबूत. गुडघा नुसता मुरगळला होता; जासिमचे सांधे मुळातच सैल.

मी समोरच्या फ्लॅटची बेल दाबली. बार्तेक बॅग भरत होता, फोनवर अगाता होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला शिव्या हव्या होत्या.

"काहीच झालेलं नाही? खरंच?" त्याचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा झाला. त्याने मला घट्ट मिठी मारली. मग फोन उचलला. तिकडे अगाता रडत होती, आणि हा तिला जासिमची आनंदाची बातमी सांगत होता.