रिमोट पोस्टिंग

आमचा दादा टेलिफोन खात्यात मेकॅनिक. बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. शेजारी त्याला 'रेडिओ' म्हणत. त्याची डोंगरावरच्या टॉवरवर बदली झाली, तेव्हा हुकमात 'रिमोट पोस्टिंग' असं लिहिलेलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून कागद माझ्यापुढे आला.

"मास्तरीणबाई, टीव्हीचा रिमोट ठाऊक आहे. हा कुठला?"

"लांबचा, माणसांपासून तुटलेला. इंग्रजीतला 'फार' (far) म्हणजे नुसतं अंतर, 'रिमोट'मध्ये एकटेपणही आलं. शेजारी बसूनही एखादा आपल्यात नसला, तर त्यालाही रिमोटच म्हणतात."

"मी आणि गप्प? शक्यच नाही!"

"अगदी पुसट शक्यता असली तरी तोच शब्द," मी हसले. "रिमोट चान्स."

वर्षभरानं टॉवरचं काम माणसाविना आपोआप होऊ लागलं आणि दादा परतला. अंगानं धडधाकट, पण उत्तरं उशिरा द्यायचा. वहिनीनं जेवताना विचारावं, "भाजी अळणी झालीय का हो?" आणि भांडी घासून झाल्यावर यानं म्हणावं, "नाही, छान आहे." डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. पुढे उत्तरं दुसऱ्या दिवशी येऊ लागली. मग येईनातच.

एका दुपारी मी तिथेच होते. "अहो, पंखा लावू का?" वहिनीनं विचारलं. दादा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. वहिनीनं तो उचलला आणि पांढरीफटक पडली. तिनं रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"लाव की! आणि मास्तरीण आलीय ना, तिला चहा टाक."

आवाज दादाचाच, हसरा. समोर बसलेल्या दादाचे ओठ मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीनं त्याचा हात धरला. "चला. वर जे राहिलंय ते घेऊन येऊ."

आम्ही तिघं डोंगर चढलो. टॉवरखालच्या खोलीचं गंजकं कुलूप वहिनीनं दगडानं तोडलं. दादा एकटाच आत गेला. आतून बोलणं ऐकू येऊ लागलं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं लगेच उत्तर द्यायचं. दोन्ही आवाज त्याचेच.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. "अगं, या असल्या चपला घालून डोंगर चढतात का? पाय सोलले असतील!" आणि जो बोलत सुटला तो थांबेचना. वहिनी रडता रडता हसली आणि त्याचा दंड धरून उतरू लागली.

मी दोन पावलं मागे होते. सहज वळून पाहिलं, तर खोलीचं दार कुणीतरी आतून हळूच लोटून घेत होतं.

घर आता पुन्हा गजबजलंय. वहिनीला मी हे अजून सांगितलेलं नाही.